कण मागे काय ठेवतो

हे वाचायला घाई करू नका. जवळ टायटॅनियमची एखादी वस्तू असेल तर ती हातात घ्या. घड्याळाची केस, चष्म्याची काडी, शॉपमध्ये रिजेक्ट होऊन पडलेला एखादा जॉब, काहीही चालेल. नसेल तर मनात धरा. आपण ज्याच्याबरोबर थोडा वेळ बसणार आहोत तो आहे दाताच्या इम्प्लांटचा स्क्रू. जाडीला चार मिलिमीटर, लांबीला दहा. लेथवरून नुकताच उतरलाय, धुतलाय, टूलच्या बारीक रेषा त्याच्या आट्यांवर चमकताहेत. आता तो ब्लास्टिंगला, म्हणजे दाबाच्या हवेने कण मारून घ्यायला जाणार, मग आम्लात, आणि शेवटी कुणाच्या तरी जबड्याच्या हाडात.

आधी नुसतं वजन जाणवू द्या. तेवढ्याच आकाराच्या स्टीलपेक्षा तो चाळीस टक्क्यांहून अधिक हलका आहे. बोटांना तो स्टीलइतका गार लागत नाही, कारण उष्णता तो सावकाश वाहून नेतो. आता त्याच्या पृष्ठभागाकडे बघा. जो करडा रंग दिसतो आहे तिथे उघडा धातू नाहीच. हवा लागताक्षणी टायटॅनियमवर ऑक्साइडची कातडी धरते, जाडीला जेमतेम काही नॅनोमीटर. ओरखडा काढा, ती डोळ्यांदेखत पुन्हा भरून येते. तुम्हाला दिसत नाही इतकंच. शरीर ज्याला स्वीकारतं ती हीच कातडी. १९५२ मध्ये स्वीडनच्या लुंड गावी संशोधक पेर-इंगवार ब्रॉनेमार्क सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक छोटी कुपी बसवून आतला रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेले तर निघेना. हाड तिला धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले आणि ते त्याला चाळीस वर्षं, मरेपर्यंत पुरले.

ते स्क्रू लेथवरून उतरले तसेच, गुळगुळीत होते. पुढे लक्षात आलं की पृष्ठभाग खडबडीत केला तर हाड लवकर आणि घट्ट धरतं. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडच्या डानिएल बूझर आणि सहकाऱ्यांनी छोट्या जातीच्या डुकरांवर वेगवेगळे पृष्ठभाग तपासले. त्यांत जाड कणांनी ब्लास्ट करून मग आम्लात कोरलेला पृष्ठभाग सरस ठरणाऱ्यांत होता. आज जगभर हीच रीत रुळली आहे. म्हणून आपला स्क्रू ब्लास्टिंगच्या रांगेत उभा आहे.

इथे थांबा. ब्लास्टिंग कॅबिनेटचं दार उघडण्याआधी एक प्रश्न मनात नीट ठेवा. शॉपमध्ये सहसा पहिला प्रश्न येतो तो फिनिशचा: मॅट हवं का साटिन, किती मेश, किती प्रेशर. तो प्रश्न लागतोच, पण त्याच्याही आधीचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. मी या धातूवर जे मारणार आहे, त्यातलं थोडं त्याच्या अंगात राहणारच. काय राहिलेलं चालेल?

या प्रश्नासाठी मनाने थोडं मागे जा, हा धातू जिथून आला तिथे. रत्नागिरीजवळ मालगुंड, काळबादेवी, मिऱ्या या किनाऱ्यांच्या वाळूत काळे पट्टे दिसतात. त्या काळ्या कणांत इल्मेनाइट असतं. टायटॅनियम, लोखंड आणि ऑक्सिजन, तिघेही एका गाठीत. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये विल्यम ग्रेगर या पाद्र्याला १७९१ मध्ये अशाच काळ्या, चुंबकाला चिकटणाऱ्या वाळूत या मूलद्रव्याचा पहिला सुगावा लागला. पण शुद्ध धातू हाती यायला १९१० उजाडलं आणि तो कारखान्यात करता येईल अशी रीत लक्झेंबर्गच्या विल्हेल्म क्रोल यांनी त्यानंतर दोन-तीन दशकांनी बसवली. खनिजातलं लोखंड काढायचं, क्लोरीन देऊन टायटॅनियमचं क्लोराइड करायचं, ते ऊर्ध्वपातनाने शुद्ध करायचं, मग हवेचा स्पर्श न होऊ देता मॅग्नेशियमने त्यातला क्लोरीन ओढून घ्यायचा. आपल्याकडे केरळात चवऱ्याला २०११ पासून असाच टायटॅनियम स्पंज तयार होतो. हा धातू महाग असतो तो मुख्यतः या सोडवणुकीमुळे. जमिनीत तो विपुल आहे.

आता विचार करा. एवढ्या खटाटोपाने लोखंडापासून सोडवलेल्या धातूवर कुणी स्टीलचा ग्रिट मारला, तर काय झालं? काढलेलं लोखंड आपण परत त्याच्या अंगात ठोकून बसवलं. स्टीलचा कण टायटॅनियमवर आदळतो तेव्हा त्याचे सूक्ष्म लेप आणि कपच्या मागे राहतात. दमट हवेत त्यांवर तांबूस डाग उठतात. रासायनिक कारखान्यातल्या टायटॅनियमच्या पाइपात अशा लोखंडी डागापासून हायड्रोजन धातूत शिरायला वाट मिळते आणि धातू ठिसूळ होऊ लागतो. विमानाच्या भागांना बळ यावं म्हणून त्यांवर कधी स्टीलचे शॉट मारतातही, पण मागाहून नायट्रिक आम्लाने किंवा स्वच्छ मीडियाच्या, म्हणजे मारायच्या कणांच्या, हलक्या माऱ्याने ते लोखंड काढून टाकण्याची पायरी त्या कामातच धरलेली असते. लोखंड राहिलं आहे का ते तपासायला फेरॉक्सिलचं द्रावण लावतात. जिथे लोखंड असेल तिथे निळे ठिपके उमटतात.

यावर जरा रेंगाळा, कारण खरी चूक स्टीलचा ग्रिट जाणूनबुजून भरण्यात फारशी होत नाही. भोसरी, चाकण, सातपूर, अंबड, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत ब्लास्टिंग शॉपचं रोजचं काम असतं स्टीलचं आणि कास्टिंगचं. कॅबिनेटमध्ये ॲल्युमिना भरलेला असतो, पण तोच ॲल्युमिना सकाळभर गंजके ब्रॅकेट साफ करत असतो. हॉपरमध्ये पडतो, पुन्हा वर ओढला जातो, पुन्हा फिरतो. दुपारी टायटॅनियमचा जॉब आला की तो कण गंज आणि लोखंडाची भुकटी बरोबर घेऊनच येतो. पोत्यावरचं नाव बरोबर, आतला माल बदललेला. कणाची जात पाहायची तशी त्याची संगतही पाहायला हवी. शॉपमध्ये टायटॅनियमसाठी वेगळी कॅबिनेट ठेवणं हा चैनीचा भाग नाही. ज्याला हे काम घ्यायचं आहे त्याने तेवढा खर्च धरूनच दर सांगावा.

आता ॲल्युमिनाकडे या. हा कुरुंदच, विजेच्या भट्टीत वितळवून केलेला. हिऱ्यानंतर ज्यांची नावं घ्यावीत अशा कठीण पदार्थांत याचा मान आहे. कठीणपणाच्या मोह्स मोजपट्टीवर तो नऊवर बसतो. तपकिरी ॲल्युमिना स्वस्त आणि चिवट, पण त्यात लोहाचा अंश असतो. पांढरा ॲल्युमिना नव्व्याण्णव टक्क्यांहून शुद्ध, जरा ठिसूळ. फुटला की नवी धार देतो. टायटॅनियमसाठी पांढराच घ्यावा असं मी म्हणेन. आपल्या स्क्रूसाठी जो जाड कण वापरतात तो पाव ते अर्ध्या मिलिमीटरचा, बारीक साखरेच्या दाण्याएवढा. चिमूटभर तळहातावर घ्या. उजेडात धरा. एकही दाणा गोल नाही. प्रत्येकाला कोपरे आहेत.

त्यातला एक दाणा निवडा आणि त्याच्याबरोबर चला. हॉपरमधून होसमध्ये, होसमधून नोझलच्या अरुंद गळ्यात, तिथे हवेने त्याला धक्का दिला. पुढचे दहा-पंधरा सेंटिमीटर तो मोकळ्या हवेत आहे. आणि मग धातू. काळ इथे थांबवून ठेवा. कोपरा टायटॅनियममध्ये घुसतो. धातू मऊ आहे, तो फाटत नाही, बाजूला सरकतो आणि खळग्याभोवती ओठ उभारतो. दाणा तिरपा आला असेल तर तो नांगरासारखा पुढे सरकून निघून जातो आणि थोडा धातू बरोबर नेतो. सरळ, काटकोनात आला असेल तर त्याची सगळी ताकद आत जिरते. कोपरा तडकतो. दाणा उडून परत येतो, पण त्याचा कोपरा धातूतच रुतलेला राहतो, आणि मागून येणारे दाणे त्यावर धातूचा ओठ मुडपून त्याला झाकतात.

ब्लास्ट केलेल्या टायटॅनियमचा पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की असे रुतलेले तुकडे दिसतात. ते धुऊन जात नाहीत. नंतरच्या आम्लातही ॲल्युमिना विरघळत नाही. त्याच्याभोवतीचं टायटॅनियम झिजतं, मग काही तुकडे गळून पडतात, काही राहतात. दातांच्या आणि खुब्याच्या इम्प्लांटवर राहिलेल्या या तुकड्यांचं काय करायचं, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. ऑस्ट्रियाच्या कार्ल त्स्वाइम्युलर यांच्या आराखड्याची, कुरुंदाने ब्लास्ट केलेली टायटॅनियमची खुब्याची दांडी १९७९ पासून माणसांच्या मांडीत बसते आहे आणि हाडाने ती उत्तम धरली आहे. तरीही सुटा झालेला एखादा कठीण कण सांध्याच्या फिरत्या भागात गेला तर तो पृष्ठभाग झिजवील, ही काळजी खोटी नाही. दोन्ही गोष्टी एकत्र मनात राहू द्या. सिद्ध झालेली रीत आणि तिच्यातली उरलेली शंका. घाईने एकीच्या बाजूने उभं राहण्याचं काही कारण नाही.

ज्यांना ही शंका सोसवली नाही त्यांनी कणच बदलला, आणि मला या कल्पनांचं मनापासून कौतुक वाटतं. १९९० च्या सुमारास स्वीडनमध्ये टायटॅनियम ऑक्साइडच्याच कणांनी इम्प्लांट ब्लास्ट करायला सुरुवात झाली. कण रुतला तरी तो कुणी परका नाही. पृष्ठभागावर जी कातडी आपोआप येते त्याच जातीचा आहे. दुसऱ्यांनी कॅल्शियम फॉस्फेट घेतलं, म्हणजे हाडाच्या खनिजाचाच भाऊबंद. तो सौम्य नायट्रिक आम्लात विरघळून जातो, आणि चुकून काही राहिलं तरी शरीर त्याला ओळखतं. हे कण ॲल्युमिनाइतके कठीण नाहीत, म्हणून खळगे उथळ येतात, वेळ जास्त लागतो. तो वेळ देण्याजोगा आहे का हे स्क्रू कुठे जाणार यावर ठरेल.

आता नोझल हातात आहे असं समजा. मनगट सैल करा. काटकोन सोडा, पृष्ठभागाशी साठ अंशांच्या आसपास या. हाताची चाल एकसारखी ठेवा, एका जागी थबकू नका. प्रेशर किती? जाड स्टीलच्या गंजाला लागतं तेवढं इथे लागत नाही. दंत-प्रयोगशाळांत टायटॅनियमच्या सांगाड्यांवर दोन-तीन बारमध्ये काम होतं. प्रेशर वाढवलं की काम लवकर होतं हे खरं, पण कण जास्त फुटतात, जास्त रुततात, धातूवर उष्णता वाढते आणि पातळ जॉब वाकतो. वाकण्याचं कारण समजून घ्या. मारलेल्या बाजूची कातडी ठोकली जाऊन पसरू पाहते, खालचा धातू तिला पसरू देत नाही, आणि पत्रा मारलेल्या बाजूकडे फुगतो. टायटॅनियमचा ताठपणा स्टीलच्या जवळपास निम्माच, म्हणून तो अधिक सहज वाकतो. पातळ पत्र्याला दोन्ही बाजूंनी, आलटून पालटून, थोडं थोडं मारावं.

कणाच्या आकारमानाचाही विचार इथेच करा. दाण्याचा व्यास निम्मा केला की त्याच वजनात आठपट दाणे बसतात. प्रत्येकाचा मार एक-अष्टमांश, पण मारणारे आठपट. खळगे उथळ होतात, पृष्ठभाग लवकर झाकला जातो, पोत मऊ दिसतो. बहुतेकांना खोल खळगा म्हणजे चांगलं काम वाटतं. हाडासाठी ते एका मर्यादेपर्यंत खरं आहे. पण ज्या भागावर पुन्हा पुन्हा ताण येणार, उदाहरणार्थ विमानाचा ब्रॅकेट किंवा मणक्याची सळई, तिथे धारदार कणाचा प्रत्येक खळगा म्हणजे तडा जाण्याची एक जागा. अशा ठिकाणी गोल कण योग्य. तो कापत नाही, दाबतो, आणि कातडीत असा दाब भरून ठेवतो की तड्याला तोंड उघडणं जड जातं.

गोल कणांत ग्लास बीड सगळ्यांच्या ओळखीचे. घड्याळाच्या केसवर, सुरीच्या मुठीवर जी मंद, रेशमी झाक दिसते ती बहुधा त्यांची. स्वस्त, लोखंडमुक्त, हाताळायला सोपे. पण काच फुटते. प्रेशर वाढवलं किंवा तोच माल फार दिवस फिरवला की गोल मण्यांच्या जागी धारदार कपच्या उरतात, आणि झाक कधी बदलली ते कुणाच्या लक्षात येत नाही. भिंगाखाली चिमूटभर पाहा. गोल किती, तुटके किती? आठवड्यातून एकदा एवढं केलं तरी पुष्कळ. सिरॅमिकचे झिर्कोनियायुक्त मणी महाग पण फार टिकाऊ. अक्रोडाच्या टरफलाचा चुरा, प्लॅस्टिकचे कण हे रंग किंवा चिकट थर काढायला. टायटॅनियमला खडबडीत करणं त्यांच्या आवाक्यातलं नाही.

आता मीडिया बाजूला ठेवा आणि हवेचा विचार करा. हॉपर बंद करा, नोझलमधून नुसती हवा सोडा, आणि तिच्यासमोर एक मिनिटभर पांढरा टीपकागद धरा. कागदावर तेलाचा डाग आला? ओल आली? कॉम्प्रेसरचं तेल हवेतून आलं तर ते प्रत्येक खळग्यात जाऊन बसेल, आणि खडबडीत पृष्ठभागातून तेल काढणं गुळगुळीतापेक्षा कितीतरी अवघड. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत ओल मीडियातही शिरते, गुठळ्या होतात, नोझल धक्के देत चालते. ड्रायर आणि फिल्टर यांची देखभाल ही मीडियाच्या निवडीइतकीच मोठी बाब आहे. काम झाल्यावर जॉब शुद्ध पाण्यात बुडवून बाहेर काढा. पाणी सलग पातळ थराने राहिलं तर पृष्ठभाग स्वच्छ. ते कुठे तुटून थेंबांत गोळा झालं तर तिथे काहीतरी चिकटलेलं आहे.

कॅबिनेटच्या तळाशी आणि डस्ट कलेक्टरमध्ये जी धूळ जमते तिच्यावर आता लक्ष आणा. तिच्यात कणांचा चुरा आहे आणि टायटॅनियमही आहे, पिठाइतकं बारीक. अखंड टायटॅनियम जाळणं कठीण, पण त्याची भुकटी एका ठिणगीने पेटते, हवेत उधळलेली असेल तर स्फोट होतो. तीत आधीच्या स्टीलच्या कामाचा गंज मिसळला असेल तर धोका आणखी वाढतो. लोहाचा ऑक्साइड आणि टायटॅनियम किंवा ॲल्युमिनियमची भुकटी पेटली की ती आपला ऑक्सिजन स्वतःच्याच पोटातून घेते आणि रेल्वेचे रूळ जोडणाऱ्या थर्माइटसारखी जळते. जळत्या टायटॅनियमवर पाणी मारलं तर हायड्रोजन सुटतो. कार्बन डायऑक्साइडच्या फवाऱ्याला ते जुमानत नाही. तापमान पुरेसं असेल तर ते नायट्रोजनमध्येसुद्धा जळतं. म्हणून धातूच्या आगीसाठीची ‘डी’ वर्गाची पावडर हाताशी हवी, कॅबिनेट आणि होस यांना अर्थिंग हवं, कलेक्टर शक्यतो पाण्याचा हवा, आणि धूळ साठू न देता नियमाने काढायला हवी.

आणि शेवटी श्वासाकडे या. स्वतःचा एक श्वास आत घ्या, सोडा. कॅबिनेटसमोर आठ तास उभं राहणाऱ्या माणसाच्या श्वासाचा विचार करा. अमेरिकेच्या बेंजामिन टिल्गमन यांनी १८७० मध्ये वाळूच्या फवाऱ्याचं पेटंट घेतलं तेव्हा कण म्हणजे साधी वाळूच होती, आणि पुढची कित्येक दशकं तीच राहिली. वाळूतला सिलिका फुटला की काही मायक्रॉनची धूळ होते, ती फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तिथून परत येत नाही. सिलिकोसिस झालेलं फुप्फुस पूर्ववत करणारं औषध नाही. ब्रिटनने १९५० मध्ये ब्लास्टिंगसाठी सिलिकाच्या वाळूवर बंदी घातली. तुर्कस्तानात जीन्सच्या कापडाला जुनी झाक यावी म्हणून वाळू मारणारे तरुण कामगार सिलिकोसिसने मरू लागले, तेव्हा तिथल्या सरकारने २००९ मध्ये ते काम बंद केलं. कापडाच्या रंगासाठी माणसं गेली. धातूत रुतलेला कण निदान सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतो. माणसात रुतलेला कण कळायला कधी कधी दहा-वीस वर्षं जातात आणि तोवर काम देणारा मालकही बदललेला असतो. ॲल्युमिना, ग्लास बीड, गार्नेट यांत मोकळा सिलिका नसतो किंवा अगदी थोडा असतो, पण त्यांचीही धूळ श्वासात घ्यायची नसते. दाराचं रबर फाटलेलं असेल, हातमोज्याला भोक असेल, तर काम थांबवावं.

तुमच्याकडे टायटॅनियमचा पुढचा जॉब येईल तेव्हा कॅबिनेट पूर्ण रिकामी करा, होस आणि नोझलसकट झाडून घ्या, ठरवलेला नवा मीडिया भरा, आणि भरल्याची तारीख दारावर लिहा. शक्य असेल तर एक छोटी कॅबिनेट फक्त टायटॅनियमसाठी राखून ठेवा. आणि कुणी स्वस्तात वाळूचं पोतं आणून टाकलं, तर ते न उघडता परत पाठवा.